ज्यूंच्या ‘पैशाच्या अकले’वर बोलणाऱ्या व्याख्यात्यांना आणि पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

उद्योजकता शिबिरांत, आर्थिक साक्षरतेच्या वर्गांत, तरुणांच्या मेळाव्यांत तुम्ही बोलता. तुमची पुस्तके एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून तालुक्याच्या ग्रंथालयापर्यंत पोचतात. मराठी मुलांनी नोकरीच्या रांगेत वर्षे घालवण्यापेक्षा धंद्यात उतरावे, पैशाचा हिशेब शिकावा, ही तुमची तळमळ मला मनापासून पटते. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

या व्याख्यानांत आणि पुस्तकांत एक प्रकरण पुन्हा पुन्हा भेटते. ज्यू लोक जात्याच पैशात हुशार असतात, व्यापार त्यांच्या रक्तात आहे, जगातल्या बँका त्यांच्या मुठीत आहेत, तेव्हा श्रीमंत कसे व्हायचे ते त्यांच्याकडून शिका. सांगणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, कौतुकच असते, हे मला ठाऊक आहे. ऐकणारी मुलेही वहीत टिपून घेतात. पण ज्यू आणि पैसा यांची ही जोडी युरोपात कशी जुळवली गेली, ती कोणाच्या सोयीची होती आणि तिची किंमत कोणी मोजली, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

सुरुवात प्राचीन रोमपासून करू, कारण तिथे ही समजूत सापडतच नाही. रोमन कवींनी ज्यूंची भरपूर टिंगल केली आहे. मार्शलच्या कवितेत आईने भीक मागायला शिकवलेला ज्यू आहे, आणि ज्युवेनालच्या कवितेत चार नाण्यांसाठी स्वप्नांचे अर्थ सांगणारी ज्यू भिकारीण आहे. ज्यूंवर राग असलेल्या त्या लेखकांना ज्यू दिसला तो दरिद्री. सावकार ज्यू त्यांच्या कल्पनेतही नव्हता. त्यानंतर कैक शतके ज्यू शेती करत, कातडी कमावत, कापड रंगवत, औषधे देत, व्यापार करत जगले. बाराव्या शतकात तुदेला गावचा बेंजामिन हा ज्यू प्रवासी ग्रीसमधल्या थीब्ज शहरात गेला. तिथे त्याला सुमारे 2000 ज्यू भेटले, आणि रेशीम व जांभळे वस्त्र बनवण्यात साऱ्या ग्रीसमध्ये त्यांच्या तोडीचे कारागीर नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. फ्रान्सच्या शँपेन भागात ज्यूंचे द्राक्षमळे होते. रक्तात व्यापार असता तर तो इतकी शतके कुठे दडून बसला होता?

मग हे बदलले कसे? एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. काही अर्थतज्ज्ञांचे म्हणणे असे की ज्यू धर्मात मुलग्यांना वाचायला शिकवणे हे बापाचे कर्तव्य ठरल्यामुळे हा समाज लवकर साक्षर झाला. आठव्या-नवव्या शतकात बगदादच्या खिलाफतीत मोठी शहरे वाढली, तेव्हा पुष्कळ ज्यू आपणहून शेती सोडून शहरी व्यवसायांत शिरले. या मताला वजन आहे. पण साक्षरतेमुळे माणूस वैद्य होतो, लेखनिक होतो, व्यापारी होतो. त्याला एका विशिष्ट कोपऱ्यात, सावकारीच्या कोपऱ्यात नेऊन उभे करायला आणखी कोणीतरी लागते. पश्चिम युरोपात ते काम चर्चने आणि राजांनी केले.

चर्चच्या दृष्टीने व्याज हे पाप होते. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याज घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाला धार्मिक दफनही नाकारले. त्याच काळात बाजार वाढत होते, कॅथेड्रले उभी राहत होती, धर्मयुद्धांच्या स्वाऱ्या निघत होत्या, आणि या साऱ्याला कर्ज हवे होते. दुसरीकडे जमीन मिळवायची तर ख्रिस्ती शपथ घेऊन सरदाराचे मांडलिक व्हावे लागे. कारागिरांच्या संघटनांचा कारभार संतांच्या नावाने आणि चर्चच्या विधींनी चाले, त्यामुळे ज्यू सुताराला किंवा लोहाराला तिथे जागा नव्हती. ज्यूंच्या धर्मग्रंथातही आपल्या माणसाकडून व्याज घ्यायला मनाई आहे, परक्याकडून मात्र घेता येते. तरी रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, हा व्यवसाय फारसा रुचत नव्हता. बाराव्या शतकातल्या फ्रान्सकडच्या रब्बींच्या टिपांमध्ये त्यांनी दिलेले कारण नोंदलेले आहे: राजा आणि त्याचे सरदार आपल्यावर कर लादतात, आपण परक्यांच्या मधोमध राहतो, त्यांच्याशी व्यवहार केल्यावाचून पोट भरत नाही. ज्यूंची ‘आर्थिक सूत्रे’ म्हणून तुम्ही जे छापता त्याच्या शेजारी ही ओळ ठेवून पाहा.

इंग्लंडच्या गोष्टीवर मी जरा थांबणार आहे, कारण तिथली सरकारी दप्तरे शाबूत आहेत आणि सगळा व्यवहार उघडा दिसतो. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्याच्यामागून रुआँ शहरातले ज्यू तिथे आले. ते राजाचे होते, अगदी शब्दशः. ज्यूचा जीव आणि त्याची मालमत्ता राजाच्या मालकीची, असाच तिथला दंडक होता. राजा त्याला संरक्षण देई, कर्जवसुलीसाठी न्यायालय देई, आणि मनाला येईल तेव्हा त्याच्यावर कर बसवी. यातली गोम अशी की हा कर बसवायला राजाला कोणालाही विचारावे लागत नसे. सरदारांकडून पैसा घ्यायचा तर ते कुरकुर करत, अटी घालत. ज्यूकडून घेतला की तो पैसा मुळात त्याच सरदारांनी आणि मठांनी व्याजापोटी भरलेला असे, पण वसुली करताना लोकांना चेहरा ज्यूचा दिसे.

इंग्लंडमधल्या लिंकन शहराचा एरन हा त्या काळातला सर्वांत धनाढ्य ज्यू. सिस्टर्शियन पंथाच्या नऊ मठांना त्याने कर्ज दिले होते. म्हणजे ज्या चर्चने व्याजाला पाप ठरवले त्याच्याच इमारती त्या व्याजाच्या पैशावर उभ्या राहिल्या. 1186 मध्ये एरन वारला आणि राजाने त्याची सगळी इस्टेट ताब्यात घेतली. लोकांकडून त्याचे सुमारे 15,000 पौंडांचे येणे होते. ते वसूल करायला सरकारने एक स्वतंत्र खातेच उघडले आणि त्याला एरनचे नाव दिले. धनको मेला, पण ऋणकोंचे कर्ज बुडाले नाही. आता ते थेट राजाला फेडायचे होते.

चारच वर्षांनी, मार्च 1190 मध्ये, यॉर्क शहरात दंगल झाली. पुढाऱ्यांमध्ये रिचर्ड मॅलबिस नावाचा एक सरदार होता आणि तो ज्यूंच्या कर्जात बुडालेला होता. सुमारे दीडशे ज्यू बायकामुलांसह किल्ल्याच्या लाकडी बुरुजात आसऱ्याला गेले. वेढा पडल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या हातांनी आपल्या माणसांना मारून स्वतःला संपवले. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होतो म्हणून जे बाहेर आले त्यांना जमावाने कापून काढले. मग जमाव कॅथेड्रलमध्ये गेला, तिथे सांभाळून ठेवलेले कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळून टाकले.

आपल्याकडे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते तुम्हाला आठवले असेल. तिथेही रोख शेतसारा ठरवणारे सरकार होते, जप्तीचे हुकूम देणारी कोर्टे सरकारची होती, आणि राग निघाला तो दुकानात बसलेल्या परप्रांतीय माणसावर. फरकही आहे. सुप्याच्या दंगलीत रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, यॉर्कमध्ये माणसे संपवली गेली.

यॉर्कनंतर राजदरबाराने धडा घेतला, पण तो कागद वाचवण्याचा. 1194 पासून प्रत्येक कर्जरोख्याची एक प्रत ठरावीक शहरांतल्या सरकारी पेट्यांमध्ये कुलूपबंद राहू लागली, म्हणजे पुढच्या दंगलीत ज्यू मारला गेला तरी राजाचे येणे सुरक्षित. पुढे यासाठी खास खाते आणि न्यायाधीश आले. कोणत्या ज्यूकडे किती येणे आहे हे आता राजाला पैशापर्यंत कळत होते, आणि त्या हिशेबाने कर बसत होते. 1210 मध्ये जॉन राजाने देशभरातल्या ज्यूंना पकडून जबर रक्कम मागितली. ब्रिस्टलच्या एका ज्यूने नकार दिला तेव्हा राजाने रोज त्याचा एक दात उपटायला सांगितले आणि आठव्या दिवशी त्याने 10,000 मार्क (तेव्हाचे हिशेबाचे चलन) भरले, असे वेंडोव्हरचा रॉजर हा तेव्हाचा इतिवृत्तकार सांगतो.

आता 1215 चा मॅग्ना कार्टा काढा. नागरी हक्कांची सनद म्हणून तुम्ही तो भाषणात कधीतरी सांगितलाही असेल. त्याच्या दहाव्या कलमात ज्यूंच्या कर्जाचा उल्लेख आहे. कर्जदार मेला तर त्याचा वारस सज्ञान होईपर्यंत व्याज चढणार नाही, आणि ते कर्ज ‘आमच्या हाती’ आले तर आम्ही फक्त मुद्दल घेऊ, असे त्यात राजा कबूल करतो. ते कर्ज राजाच्या हाती पुन्हा पुन्हा येत होते, म्हणूनच सरदारांना हे कलम लिहून घ्यावे लागले. खरा सावकार कोण, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. तरी शिव्यांचा धनी ज्यूच राहिला. 1255 मध्ये तिसऱ्या हेन्रीने तर इंग्लंडमधले सगळे ज्यू आपल्या भावाकडे, कॉर्नवॉलच्या रिचर्डकडे, 5000 मार्कांना गहाण ठेवले. अख्खा समाज तारण म्हणून ठेवला गेला.

यांतले किती लोक खरोखर सावकार होते? कराच्या याद्यांवरून दिसते ते असे: मोठी संपत्ती मूठभर कुटुंबांकडे होती, बाकीच्यांकडे फारसे काहीच नव्हते. पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला तो लिंकनचा एरन. त्याच्या वाड्याजवळ राहणारा गरीब ज्यू, धुणी-भांडी करणारी ज्यू बाई, हे कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. आजच्या शिबिरांतही येत नाहीत.

1275 मध्ये पहिल्या एडवर्डने कायद्याने ज्यूंना व्याजावर कर्ज द्यायला बंदी केली. सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळी खूण लावावी असा हुकूम निघाला. व्यापार करा, मजुरी करा असे सांगितले, पण कारागिरांच्या संघटनांची दारे बंदच ठेवली. एक व्यवसाय उघडा ठेवून बाकीचे दोनशे वर्षे बंद ठेवायचे, मग तोही काढून घ्यायचा. अशाने जे व्हायचे तेच झाले. तोवर पिळून पिळून ज्यूंकडे राजाला घेण्यासारखे फार थोडे उरले होते. जुलै 1290 मध्ये एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले, आणि त्याच्या बदल्यात पार्लमेंटने त्याला लाखाहून अधिक पौंडांचा कर मंजूर केला. बाहेर पडलेले लोक होते दोन-तीन हजार.

फ्रान्समध्येही हाच खेळ झाला. चौथ्या फिलिपने 1306 मध्ये ज्यूंना हाकलले, त्यांची घरेदारे लिलावात काढली आणि त्यांची येणी स्वतः वसूल केली. नऊ वर्षांनी त्याच्या मुलाने त्यांना पैसे घेऊन परत बोलावले, आणि जुनी कर्जे वसूल करायला मुभा दिली ती अशा अटीवर की दोन तृतीयांश रक्कम राजाची.

या सगळ्या काळात ख्रिस्ती सावकार नव्हते असे नाही. ते पुष्कळ होते, आणि मोठे होते. दान्तेने 1300 च्या सुमाराचा नरक रंगवला, त्यात व्याजखोर तापलेल्या वाळूवर बसले आहेत आणि गळ्यात घराण्याच्या चिन्हांच्या थैल्या आहेत. ती घराणी फ्लॉरेन्सची आणि पाडुआची, ख्रिस्ती. त्यांत एकही ज्यू नाही. बार्दी आणि पेरुत्झी या फ्लॉरेन्सच्या पेढ्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला एवढे कर्ज दिले होते की 1340 च्या दशकात त्या बुडाल्या. 1519 मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळाले ते ऑग्सबुर्गच्या फुगर घराण्याच्या पैशावर. पण पैसा ही इटालियन किंवा जर्मन वृत्ती आहे असे कोणी ठरवले नाही. ज्यूंच्या बाबतीत ते ठरले, कारण ठरवायला साचा तयार होता. येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी विकणारा त्याचा शिष्य जूडास चर्चच्या भिंतींवर पैशाची थैली घेऊन शतकानुशतके उभा होता. बाकीचे शिष्यही ज्यू, येशूही ज्यू, पण चित्रकाराने थैली आणि ज्यूपण दोन्ही जूडासलाच दिले.

आता व्हेनिस. तिथल्या ज्यू सावकाराचे नाटक, शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, तुम्हा आम्हा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. ते लंडनमध्ये 1590 च्या दशकात लिहिले गेले, आणि त्या देशात तीनशे वर्षे ज्यूला ज्यू म्हणून राहण्याची परवानगीच नव्हती. ती 1656 मध्ये मिळाली. खऱ्या व्हेनिसमध्ये काय होते? 1516 पासून ज्यूंना एका बेटावर कोंडले होते. रात्री फाटके बंद होत, आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनीच द्यायचा. घरभाडे आधीच्या भाडेकरूंपेक्षा एक तृतीयांश जास्त. शहरात राहायचे असेल तर गरिबांसाठी गहाणवटीच्या पेढ्या चालवाव्यात, ही सरकारची अट. 1573 नंतर त्या पेढ्यांवर व्याजाची मर्यादा घातली 5 टक्के, आणि एका वस्तूवर कर्ज जास्तीत जास्त 3 डुकात, म्हणजे तिथली 3 नाणी. यात नफा उरत नसे. पेढ्या तोट्यात चालत आणि तो तोटा ज्यू समाज वर्गणी काढून भरत असे, कारण पेढी बंद पडली तर शहरात राहण्याचा परवाना जाई. रंगभूमीवर कर्जदाराच्या अंगाचे पौंडभर मांस मागणारा सावकार उभा राहिला, त्याच सुमारास खऱ्या शहरात हे चालू होते.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट तुम्ही स्वतः सांगता. लंडनचा ज्यू बँकर नेथन रॉथ्सचाइल्ड याला नेपोलियनच्या पराभवाची, वॉटर्लूच्या लढाईची बातमी सगळ्यांच्या आधी कळली, त्याने लंडनच्या बाजारात अफाट पैसा कमावला, तेव्हा माहिती म्हणजे पैसा. धडा ऐकायला छान आहे. पण या गोष्टीचे मूळ 1846 साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका पुस्तिकेत आहे. लेखकाने ‘सैतान’ हे टोपणनाव घेतले होते आणि रॉथ्सचाइल्डला त्याने ज्यूंचा राजा म्हटले होते. नेथन स्वतः रणांगणावर हजर होता, वादळात खाडी ओलांडून आला, असे त्यात रंगवले होते. नेथन वॉटर्लूला नव्हताच. हीच कथा घेऊन 1940 मध्ये नाझी राजवटीने चित्रपट काढला. तुमच्या शिबिरातल्या त्या धड्याचा प्रवास असा झालेला आहे.

1903 मध्ये रशियात ज्यूंच्या जागतिक कटाचे बनावट ‘इतिवृत्त’ छापले गेले. ते एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकातून चोरलेले आहे हे लंडनच्या ‘टाइम्स’ने 1921 मध्ये पुराव्यानिशी दाखवले. त्याच्या आधाराने अमेरिकेत मोटार कारखानदार हेन्री फोर्डने आपल्या वृत्तपत्रातून वर्षानुवर्षे विष ओतले आणि 1927 मध्ये माफी मागितली. त्याच काळात खरे बहुसंख्य ज्यू कोण होते? रशियाच्या साम्राज्यात 1897 च्या जनगणनेत ते 50 लाखांहून अधिक भरले. बहुतेकांना ठरावीक पश्चिम प्रांतांतच राहण्याची सक्ती होती, आणि त्यांत शिंपी, चांभार, फेरीवाले, हमाल अशा लोकांचा भरणा होता. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली गेली, तेव्हा वर ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवण्यात आला. ‘यांच्याकडे पैसा आहेच’ हे गृहीत धरल्यावाचून असा हुकूम निघत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर चांगलेच बोलतो, हेवा करावा असेच बोलतो. पण ‘त्यांच्याकडे सगळा पैसा आहे’ हे वाक्य प्रशंसेचे असो वा द्वेषाचे, त्यातली माहिती एकच आणि ती खोटी आहे. बरे दिवस असताना मुलाने ते कौतुक म्हणून ऐकले, तरी मंदीत नोकरी गेल्यावर तेच वाक्य त्याला आरोप म्हणून आठवेल. दुसरा अपाय तुमच्याच कामाचा आहे. पैशाची अक्कल रक्तातून येते असे सांगितले की ऐकणारा मराठी मुलगा मनातल्या मनात ठरवून टाकतो की आपल्या रक्तात ती नाही. तुम्ही त्याला उभे करायला आला होतात.

आणि याचा पुरावा शोधायला युरोपात जायचीही गरज नाही. कोकणात, अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात, बेने इस्रायल म्हणवणारे ज्यू शतकानुशतके राहिले. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी काय केले? तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बैल सोडून ठेवले, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावली, मराठी बोलले, कीर्तने केली. पुढे इंग्रजांच्या पलटणीत शिपाई झाले, कारकून झाले, शिक्षक झाले, परिचारिका झाल्या. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर या फौजी माणसाने बांधले. त्याच मुंबईत 1830 च्या दशकात बगदादहून छळाला कंटाळून डेव्हिड ससून आला आणि अफू व कापसाच्या व्यापारात प्रचंड श्रीमंत झाला. आपल्याला ससून रुग्णालय आणि ससून डॉक माहीत असतात, घाणेवाला माहीत नसतो. दोघांचा धर्म एक, धर्मग्रंथ एक, शहरही एक. एकाच्या पाठीशी बगदाद-बसऱ्याचा व्यापारी वारसा आणि इंग्रजांचा चीनशी व्यापार होता, दुसऱ्याच्या पाठीशी कोकणातले खेडे. रक्ताने ठरत असते तर घाणा कोणाच्या वाट्याला आला असता?

माझी मागणी नेमकी आहे. पुढच्या आवृत्तीतून ते प्रकरण काढा. बचत, चक्रवाढ व्याज, हिशेबाची शिस्त, मुलांचे शिक्षण, आपसात पतपुरवठा, हे सगळे शिकवा. त्यासाठी कोणत्याही धर्माच्या स्वभावाचा दाखला लागत नाही, आणि आपल्याकडच्या पतसंस्था, बचत गट, सहकारी बँका यांची उदाहरणे हाताशी आहेत. वॉटर्लूची गोष्ट सोडून द्या. ज्यूंविषयी सांगायचेच असेल तर एरनची इस्टेट, 1255 चे गहाणखत, व्हेनिसच्या तोट्यातल्या पेढ्या आणि नवगावचे तेली, चारही सांगा. प्रकाशकांनी अनुवादित पुस्तके स्वीकारताना त्या पानांवर संपादकाची नजर फिरवावी. तुमच्यापैकी कोणी बोलावले तर शिबिरात येऊन, मानधन न घेता, हा इतिहास मुलांना सांगायची माझी तयारी आहे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक